घरात घ्यायचा नाही असा शब्द

फासिस्ट हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मी कढीला फोडणी देत होते. लग्न होऊन ठाकुर्लीला आल्याला मला महिनाही झाला नव्हता. बाहेरच्या खोलीत दोघे भाऊ जेवणाची वाट बघत बोलत बसले होते. मधेच धाकट्याने थोरल्याच्या तोंडावर तो शब्द असा फेकला की माझ्या हातातली पळी तशीच राहिली आणि मोहरी जळली. त्या दिवशीची कढी कुणालाच आवडली नाही, आणि ती का बिघडली हे मी कुणाला सांगितलं नाही.

थोरले म्हणजे माझे यजमान. आमच्या वेळी नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती. ती रीत मला एरवी जाचायची, पण इथे सोयीची पडते आहे. मी त्यांना 'हे' म्हणेन. हे रेल्वेच्या वीजघरात कामाला होते. धाकटे ते माझे दीर, कल्याणला इंजिनांच्या शेडमध्ये. घरात चौथ्या सासूबाई. क्वार्टरला दोन खोल्या, मागे पडवी, पडवीपलीकडे कमरेइतकं गवत आणि त्यापुढे पार डोंबिवलीपर्यंत भातखाचरं. चार माणसांच्या घरात दोन पक्ष आहेत, हे मला बघायला आले तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. पत्रिका जुळवणाऱ्याने तेवढंच बघायचं ठेवलं होतं.

माझं माहेर ठाण्याचं. तिथे राजकारण म्हणजे टकळी आणि प्रभातफेरी. सगळे एका बाजूचे. भांडण असे ते इंग्रजाशी, आणि इंग्रज काही आमच्याकडे जेवायला येत नसे. इथे भांडणारे दोघे शेजारी शेजारी पाटावर बसत आणि एकाच पातेल्यातला भात जेवत. इंग्रज जाऊन उणंपुरं वर्ष झालं होतं. मला वाटलं होतं, आता घाबरण्यासारखं काही उरलं नाही.

हे सोशालिस्ट, दीर कम्युनिस्ट. दोघांनाही मालक नको होता, दोघांनाही जमीन कसणाऱ्याची हवी होती, झेंडाही दोघांचा लालच. मग भांडायला राहिलं काय, असं मी एकदा भीत भीत विचारलं, तर दोघे एकदमच हसले आणि एकदमच बोलायला लागले. तेवढ्यापुरते ते एका बाजूचे झाले, माझ्या अडाणीपणावर.

दर रविवारी दुपारी हा वाद चाले. मी आतून ऐके. निवडणं, वाटणं, पुसणं अशी कामं मी मुद्दाम त्या वेळेला ठेवी, म्हणजे उंबऱ्याजवळ बसायला कारण मिळे.

दीर म्हणत, "भांडवलदार घाबरला की हातात काठी घेतो. त्या काठीचं नाव फासिझम. आणि दादा, तुम्ही सोशालिस्ट त्या काठीला तेल लावता. कामगार उठला की त्याला म्हणता, बस जरा, बोलणी चालू आहेत."

हे म्हणत, "काठी कुणाच्या हातात आहे ते मला नको सांगू. पाठीवर पडली की सारखीच लागते. एक पक्ष, एक पुढारी, एक वर्तमानपत्र, आणि नाही म्हणेल तो तुरुंगात. जर्मनीत हेच होतं ना? मग तुझ्या रशियात वेगळं काय आहे?"

"जर्मनीत कारखाने मालकांचेच राहिले. आमच्याकडे मालकच उरला नाही."

"मालक गेला आणि मुकादम राहिला. त्या मुकादमाला कोण काढणार?"

"आणि त्या जर्मन लोकांनी पक्षाच्या नावात सोशालिस्ट शब्द घातला होता, तो कुणाचा? तुमचाच."

"चोराने माझा सदरा घातला म्हणून मी चोर होतो काय रे?"

"मग आमच्याकडे शिस्त आहे म्हणून आम्ही जर्मन कसे होतो?"

मग लढाई निघे. जर्मनी आणि रशियाच्या त्या दोघा हुकूमशहांनी आधी हातमिळवणी करून पोलंड वाटून घेतलं, असं हे म्हणत. आणि शेवटी त्यातल्या एकाला गाडलं कुणी, गाडताना कुणाची माणसं मेली, असं दीर विचारत. लढाई संपली की बेचाळीस निघे, आणि बेचाळीस निघालं की ह्यांचा आवाज बदले. तेव्हा हे ठाण्याला शिकत होते आणि चळवळीची पत्रकं सदऱ्याखाली बांधून कल्याणला पोचवत होते. दीर तेव्हा शाळकरी, पण पक्षाच्या मंडळींत जायला लागले होते. रशियावर हल्ला झालाय, आता ही लोकांची लढाई आहे, आत्ता रूळ उखडू नका, असं त्यांनी या थोरल्या भावाला समजावलं होतं. ते ह्यांच्या मनातून कधी गेलं नाही.

मी सातवी पास. मला दोघांचंही पटे. हे बोलले की वाटे, बरोबर आहे, नाही म्हणणाऱ्याला तुरुंगात घालणारं राज्य कसलं. दीर बोलले की वाटे, बरोबर आहे, काठी कुणाची हे विचारायलाच हवं. आणि दोघांचंही पटे म्हणूनच मला जास्त भीती वाटे. एकजण उघड खोटं बोलत असता तर घरात निदान दुसऱ्यावर विसंबता आलं असतं.

एका रविवारी ह्यांनी सुपारी कातरता कातरता म्हटलं, "उद्या तुमचं राज्य आलं तर मला धरून न्यायला कोण येईल, माहीत आहे? तू."

दीर म्हणाले, "आणि आत्ताच्या राज्यात मला धरून देईल कोण? तू."

दोघेही हसले. दिरांनी ह्यांच्या हातातली सुपारी उचलून तोंडात टाकली. मला मात्र हसता आलं नाही. चेष्टेत म्हटलं हे मला कळत होतं, पण दोघांनीही उत्तर द्यायला क्षणभरसुद्धा विचार केला नव्हता. म्हणजे ते आधीच मनात तयार होतं. त्या दिवसापासून मी ह्यांच्याकडे चोरून बघायला लागले. झोपलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघून काही कळतं असं नाही, पण मी बघायची.

सासूबाई रत्नागिरीकडच्या. लिहिता वाचता येत नव्हतं, कान मात्र तिखट. एकदा त्यांनी मला पडवीत बोलावलं आणि हळूच विचारलं, "अगो, हे दोघे एकमेकांना फाशी फाशी काय म्हणतात गो? कोण देणार आहे फाशी?"

मी हसले. म्हटलं, "फाशी नाही हो आई, फासिस्ट. परदेशातला शब्द आहे. दुसऱ्याला बोलू न देणारा, दडपून राज्य करणारा, त्याला म्हणतात."

"मग शब्दातच फाशी आहे ना! मला शिकवू नकोस." त्यांच्या माहेरच्या गावात त्या लहान असताना एकाला फाशी झाली होती. ते घर पुढे रिकामंच राहिलं, त्या घराच्या वाटेनेसुद्धा बायका जात नसत. हे सांगताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की माझं हसू गेलं. मी पुष्कळ समजावलं. त्यांनी नुसती मान हलवली. दोन मुलगे एकमेकांना उठल्याबसल्या तेच म्हणतात, एक म्हणतो तू, दुसरा म्हणतो तू, यात समजावण्यासारखं आहे काय, असं त्यांचं म्हणणं.

त्या दिवशी जेवताना त्यांनी दोघांना हुकूम केला. आमच्याकडे तिन्हीसांजेनंतर सापाचं नाव घेत नसत. नाव घेतलं की येतो, म्हणून लांबडं म्हणायचं. सासूबाई म्हणाल्या, "तो मेला शब्द माझ्या घरात घ्यायचा नाही. अगदीच तोंडात येत असेल तर लांबडं म्हणा."

मुलगे आईच्या शब्दाबाहेर नव्हते. त्यांना मजाही वाटली. पुढच्या रविवारी दीर म्हणाले, "दादा, तुमचा पक्ष म्हणजे अर्धं लांबडं आहे." हे म्हणाले, "अर्धं तरी. तुमचं तर फणा काढून बसलंय." युरोपातलं लांबडं, आपल्याकडचं लांबडं, लांबड्याची वर्गीय मुळं, असं सगळं सुरू झालं. बाहेरच्याने ऐकलं असतं तर या घरात गारुडी राहतात असं वाटलं असतं. सासूबाईंना तेवढ्याने बरं वाटलं. मला उलट झालं. फासिस्ट हा शब्द लांबचा होता, वर्तमानपत्रातला होता. लांबडं मी पडवीत पाहिलं होतं, पाण्याच्या घागरीला वेटोळं घालून बसलेलं. आता तो वाद माझ्या मनात पायाशी सरपटायला लागला. उंबऱ्याजवळ बसून ऐकायचं मी सोडून दिलं.

मग रेल्वेच्या संपाची हाक आली. महागाई भत्ता, धान्य, कामाचे तास, मागण्या सगळ्यांना पटण्यासारख्या होत्या आणि सुरुवातीला दोघेही भाऊ एका सभेला गेले. त्या चार दिवसांत आमच्या घरात जेवढं हसणं झालं तेवढं कधी झालं नाही. सासूबाईंनी पुरणपोळी केली. पण सरकारशी बोलणी झाली, ह्यांच्या पुढाऱ्यांनी संप मागे घेतला आणि दिरांच्या लोकांनी जाहीर केलं की संप होणारच. लगेच धरपकड सुरू झाली. चौकशी नाही, खटला नाही, नुसतं धरून न्यायचं. शेडमधून दोन कामगारांना दुपारीच नेलं, अशी बातमी आली. त्याच संध्याकाळी दीर आले, एक धोतर आणि एक सदरा पिशवीत कोंबला, आईच्या पाया पडले.

ह्यांना म्हणाले, "तू उद्या कामावर जाणार?"

"जाणार. बोलणी झालीत. शब्द दिलाय."

"मग तू तेच आहेस." आईकडे बघून त्यांनी तो शब्द गिळला, पण गिळलेला आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

हे कामावर गेले. पुष्कळजण गेले. संप काही झाला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी सडा घालायला दार उघडलं तर आमच्या भिंतीवर कोळशाने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: फासिस्ट. आमच्या घरात न घ्यायचा शब्द आमच्याच भिंतीवर. मी धावत पाणी आणलं. पुसता पुसता सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "काय लिहिलंय गो?" मी म्हटलं, "काही नाही, पोरांनी रेघोट्या मारल्यात." माझे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. हे दारात उभे राहून बघत होते. त्यांनी डबा घेतला आणि कामावर गेले.

त्यानंतर साध्या कपड्यातला एक माणूस येऊ लागला. आठवड्याने, कधी पंधरवड्याने. तांब्याभर पाणी मागायचा, अगदी सभ्य बोलायचा. "वहिनी, तुमचे दीर कुठे असतात हल्ली?" वहिनी म्हणायचा मला, त्याचीच मला जास्त धास्ती. घरातलं नातं तोंडात घेऊन परका माणूस उंबऱ्यावर बसला की काय करायचं असतं? त्याने दिरांना कधी पाहिलं नव्हतं, एवढं त्याच्या प्रश्नांवरून कळे. उंच आहेत का, चष्मा लावतात का, असं विचारी. मी म्हणे, "मी नवी आहे, मला माहीत नाही." नवी होऊन वर्ष झालं होतं.

दीर कुठे होते हे मला कळलं होतं. खाडीकडच्या गावातली एक आगरी भाजीवाली आमच्याकडे नेहमी यायची. एक दिवस वांगी मोजता मोजता ती पुटपुटली, "काय चिंता करू नको गो बाय. तुजा भावजी आमचे घरान हाय. जेवतंय, पन खोकतंय जाम." मी वांगी तशीच धरून उभी राहिले.

ती बातमी मी सासूबाईंना सांगितली. ह्यांना नाही सांगितलं.

माझ्या जन्मात मी ह्यांच्यापासून लपवलेली ती पहिली मोठी गोष्ट. का लपवली? धरून देईल कोण, तू, हे माझ्या कानात होतं म्हणून. हे भले गृहस्थ. मुंगी मारायची नाही, शेजाऱ्याचं रेशन आणून द्यायचं, मला कधी वावगा शब्द नाही. पण भला माणूस तत्त्वासाठी काय करील हे मला सांगता येत नव्हतं. बाई नवऱ्याला भिते ती, तो मारील म्हणून. मी भीत होते ती त्यांच्या प्रामाणिकपणाला. कुणी सरळ विचारलं तर हे खोटं बोलतील की नाही, तेवढंच मला कळायला हवं होतं, आणि तेवढंच कळत नव्हतं.

एकदा हे आपणहून बोलले. वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाले, "कुठे कुठे गोळीबार होतोय. त्यापेक्षा धाकटा धरला गेला तर बरं. आत असला म्हणजे निदान जिवंत असेल." मी चूल फुंकत होते. फुंकणी खाली ठेवली आणि म्हटलं, "असं बोलू नये." ते म्हणाले, "मी काही वाईट बोललो नाही." खरंच वाईट नव्हतं. पण मी फुंकणी पुन्हा उचलली ती त्यांच्याकडे न बघता.

सासूबाईंनी भात सोडला. धाकटा दिसेपर्यंत भात खाणार नाही, म्हणाल्या. कोकणातल्या बाईने भात सोडला म्हणजे तिने जेवणच सोडलं. अंगावरचं लुगडं सैल व्हायला लागलं. मी ते भाजीवालीला सांगितलं, आणि तिने तिकडे सांगितलं असणार. वैशाखातल्या एका भर दुपारी ती तीन-चार बायाबापड्यांबरोबर आली, त्यांच्यात डोक्यावर कलिंगडांची पाटी घेतलेला एक दाढीवाला गडी होता. पाटी उतरवायला तो पडवीत आला आणि म्हणाला, "वहिनी, कलिंगड गोड आहे." आवाज दिरांचा होता. मी घाईने त्यांना आत घेतलं.

भाजीवाली पुढे निघून गेली. सासूबाईंनी लेकाला आतल्या खोलीत बसवून आपल्या हाताने भात कालवला. एक घास त्याला, एक घास आपण. मला म्हणाल्या, "मी दारात बसते, तू वाढ." सूप घेऊन त्या पुढच्या दारात बसल्या. ह्यांची पाळी सुटायला अजून वेळ होता. मला वाटलं, अर्धा तास. अर्धा तास कुणी येऊ नये एवढंच देवाकडे मागितलं.

तो साध्या कपड्यातला माणूस त्याच दुपारी आला. एरवी एकटा यायचा, त्या दिवशी बरोबर दोन शिपाई. दाराशी येऊन त्याने सासूबाईंना विचारलं, "आजी, धाकटे घरी आलेत का?" शिपाई पाहिले आणि सासूबाईंच्या हातातलं सूप पडलं. त्या जिवाच्या आकांताने ओरडल्या, "लांबडं आलं गो! लांबडं!"

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. आत बसलेल्या दिरांनाही कळलं, ते ताटावरून उठून पडवीत पळाले. पण क्वार्टरांच्या रांगेत ते इतर कुणाला कळणार? लांबडं म्हटल्यावर सगळ्यांना एकच कळलं. वैशाखात ते निघतंच. घराघरातून माणसं काठ्या, पहारी, जळकी लाकडं घेऊन धावली. "कुठंय?" "मागं गेलं!" "अरे, गवतात बघ, गवतात!" पाच-सहाजण आमच्या पडवीमागे शिरले आणि गवत झोडपायला लागले. दीर बाहेर पडले ते नेमके त्यांच्यात. कुणीतरी न बघताच त्यांच्या हातात काठी दिली, "धर, तू त्या बाजूनं ये." आणि माझे दीर, दाढी वाढलेले, डोक्याला आगऱ्यांचं फडकं बांधलेले, इतरांबरोबर गवत झोडपायला लागले.

आज लिहिताना हसू येतं. तेव्हा मी दाराची चौकट धरून त्यांची पावलं मोजत होते. यापेक्षा चांगली लपायची जागा शोधून सापडली नसती. असं झोडपत झोडपत ते दहा पावलं पुढे गेले असते तर खाचरांत उतरले असते, आणि मग सुटले असते. तो साध्या कपड्यातला माणूस स्वतःच धोतर वर उचलून जमिनीकडे बघत उभा होता.

एक शिपाई तेवढ्यात घराला वळसा घालून मागे आला. त्याला साप-बीप काही माहीत नसावं. काठ्या घेतलेली माणसं अंगावर येताना दिसली आणि संपवाल्यांनी घेरलं असं त्याला वाटलं असावं. समोर जो होता त्याची मानगूट त्याने धरली. ते दीर होते. त्याच वेळी खाचरांच्या बाजूने हे आले. पाळी लवकर सुटली होती की कुणी पाठवलं होतं, मला माहीत नाही. हातात डबा होता. त्यांनी पाहिलं आणि ते ओरडले, "अरे, मारू नका त्याला! भाऊ आहे तो माझा!"

सगळं थांबलं. काठ्या थांबल्या. साध्या कपड्यातल्या माणसाने धोतर सोडलं आणि मागे येऊन अगदी सभ्यपणे विचारलं, "तुम्हाला किती भाऊ?"

दिरांनी हातातली काठी ज्याची होती त्याला परत दिली. जाताना ते ह्यांच्याकडे बघत होते. हे खाली बघत होते. शिपायाची काठी वर उचललेली होती की नुसती त्याच्या हातात होती, हे मला आठवायला हवं. मी कितीदा डोळे मिटून ते बघायचा प्रयत्न केला आहे. कधी ती वर दिसते, कधी नाही.

सासूबाईंनी थोरल्याला एका शब्दाने बोल लावला नाही. लांबडं का होईना, नाव मोठ्याने घेतलं म्हणून आलं, सगळं माझ्यामुळे झालं, असं त्या धरून बसल्या. दीर पुष्कळ महिने आत होते. भेटीला आई गेली की तिच्याशी बोलत, माझ्याशीही बोलत. ह्यांनी पहिल्या खेपेला यायची तयारी केली होती, तर आतून निरोप आला की थोरल्याने येऊ नये. हे फाटकाबाहेर झाडाखाली उभे राहिले आणि परतीच्या वाटेवर मला नुसतं विचारलं, "खोकला आहे का अजून?" रविवारी दुपारी आमच्या घरात आता चिमणीचाही आवाज नसे. हे पक्षाच्या सभांना जात राहिले, पण घरी येऊन काही सांगत नसत. मीही विचारत नसे. मी त्यांच्या सदऱ्याची बटणं लावी, डबा भरी, आणि मनात म्हणे, विचारू का? मग वाटे, हो म्हणाले तर मी या माणसाचं काय करू? आणि नाही म्हणाले तर माझा विश्वास बसेल का?

सुटून आले तेव्हा दीर केवढेसे झाले होते. शेडमधली नोकरी गेली होती. आईने ओवाळलं. जेवायला बसवलं. हे मागे पडवीत पाय धूत होते, पाण्याचा आवाज येत होता. दीर ताटाकडे बघत म्हणाले, "वहिनी, एक विचारतो. तुम्ही तिथे होतात. दादा मुद्दाम बोलला की चुकून?"

पडवीतला पाण्याचा आवाज थांबला.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मी भात वाढला. म्हटलं, "चुकून, भाऊजी. तुम्हाला मारतील म्हणून घाबरले हो ते."

दिरांनी भात कालवला. मग म्हणाले, "बरं," आणि जेवायला लागले. थोड्या वेळाने हे आत आले आणि पाट ओढून त्यांच्या शेजारी बसले. दिरांनी मिठाची वाटी ह्यांच्याकडे सरकवली. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

जेवणं झाल्यावर मी पडवीत ताटं घासत होते. हे आले, माझ्यामागे उभे राहिले. मला वाटलं, आता सांगतील. माझ्या हातातलं ताट मी घट्ट धरलं.

"तू बोललीस ते बरं केलंस," ते म्हणाले.

बरं केलंस, म्हणाले. खरं बोललीस, असं म्हणाले असते तर मी पुढची सारी वर्षं त्यांच्या शेजारी निर्धास्त झोपले असते.